मर्यादवेलीच्या अलीकडे

मे महिन्याचा तिसरा आठवडा. मालवणजवळच्या देवबागला ओळखीच्या काकींच्या घरी उतरलो होतो. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माडांच्या सावलीत हा गाव वसला आहे. पहाटे पाचच्या सुमाराला मागीलदारी रहाटाचा आवाज आला म्हणून उठून पाहिलं, तर काकी बावीतून कळशीनं पाणी काढत होत्या. बावीला पंप बसवलेला दिसत होता. तो का लावत नाही, असं विचारलं. म्हणाल्या, "पंप लायलो काय खारा पाणी येता झिला. ह्या दिवसांत वरच्यावर काढूक लागता."

वाळूच्या पट्टीवरच्या गावात पावसाचं गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तवंगासारखं तरंगत असतं. बेताबेतानं काढलं तर पुरतं. पंपानं एकदम ओढलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि मग नवा पाऊस पडेपर्यंत ती बाव पिण्याच्या कामाची राहत नाही. काकींना हे त्यांच्या सासूनं शिकवलेलं. वरच्या चार खोल्यांत त्या रात्री अकरा पाहुणे झोपले होते आणि बारावा मी. आम्ही सगळेच समुद्रात डुंबून आल्यावर अंगावरची वाळू गोड्या पाण्यानं धुणार होतो, तीही दिवसातून दोनदा. त्यासाठी दुपारी टँकर यायचा होता. टँकरमधलं पाणी दुसऱ्या कुठल्या तरी वाडीतल्या विहिरीतून येतं, हे आपण खोलीतला नळ सोडताना विसरलेले असतो.

तोवर मी स्वतःला जबाबदार प्रवासी समजत होतो. पाण्याची बाटली घरून नेतो, कचरा पिशवीत भरून परत आणतो, किनाऱ्यावर गाणी लावत नाही, स्थानिक माणसाच्याच घरी राहतो. त्या पहाटे कळलं, की यातल्या एकाही गोष्टीनं त्या बावीतलं पाणी वाढत नव्हतं. मी कितीही शिस्तीत वागलो असतो तरी त्या महिन्यात, त्या घरात, बारावा माणूस म्हणून मी जास्तीचाच होतो.

कोकणकिनाऱ्यावर पर्यटकानं कसं वागावं, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. माझं म्हणणं असं, की वागणुकीच्या आधी संख्येचा प्रश्न येतो. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, किती माणसांनी यावं, याला मर्यादा हवी. ती ठरवण्याचा अधिकार तिथे बारा महिने राहणाऱ्यांना हवा. आणि जाणाऱ्यांनी ती तक्रार न करता पाळायला हवी. प्लास्टिक उचलणं चांगलंच आहे. पण ते उचललं म्हणजे आपलं देणं फिटलं, असं समजणं मला आता पटत नाही.

सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर पाण्याची ओरड असते. सह्याद्रीचा उतार तीव्र, नद्या आखूड, जांभा दगड सच्छिद्र. आषाढात कोसळलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं. उरतं ते जपून वापरायचं असतं. नेमक्या त्याच महिन्यात शाळांच्या सुट्या लागतात, आंबा उतरतो, मुंबईचे चाकरमानी येतात, लग्नं निघतात आणि पर्यटकही येतात. वर्षातलं सगळ्यात कमी पाणी आणि वर्षातली सगळ्यात जास्त माणसं, ही गाठ दर मे महिन्यात पडते. त्यात एखाद्या रिसॉर्टनं समुद्रापासून दोनशे पावलांवर निळ्या फरशीचा पोहण्याचा तलाव बांधला, की मला त्या मालकापेक्षा परवानगी देणाऱ्याचा जास्त राग येतो.

किनाऱ्यावर भरतीरेषेच्या जरा वर एक वेल पसरलेली दिसते. आपट्यासारखी दुभंगलेली जाड पानं, सकाळी उमलणारी जांभळी फुलं. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्र हिची मर्यादा ओलांडत नाही, अशी जुनी समजूत. समजुतीमागे काम आहे: ही वेल वाळू धरून ठेवते, तिच्या आधारानं वाळूचे उंचवटे तयार होतात, आणि उधाण आलं की पहिला मार ते उंचवटे खातात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला निसर्ग चक्रीवादळ धडकलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. नारळी-पोफळीच्या बागा झोपलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांना वाळूच्या उंचवट्याची किंमत वेगळी सांगायला नको. तरीही किनारा 'स्वच्छ' करायचा म्हणून पहिल्यांदा उपटली जाते ती मर्यादवेलच. खुर्च्या मांडायला सपाट वाळू हवी असते, आणि फोटोत वेल म्हणजे कचरा दिसतो.

सरकारी नियमांची वाटही याच दिशेनं गेली आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. तेव्हापासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मोठी आडकाठी होती. २०१९ च्या अधिसूचनेनं दाट वस्तीच्या गावांत तो मनाईचा पट्टा ५० मीटरवर आणला. शिवाय पर्यटनासाठीच्या तात्पुरत्या झोपड्या, म्हणजे आपण ज्यांना शॅक म्हणतो त्या, भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सोडून उभारायला मुभा दिली. आता गंमत नव्हे, दुर्दैव असं, की ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालते ती जागा हीच. भरतीचं पाणी पोचणार नाही, पण पिल्लांना पाणी फार लांबही पडणार नाही, असा भरतीरेषेच्या लगतचा कोरडा वाळूचा पट्टा ती निवडते. जिथे मर्यादवेल असते, जिथे कासवाचं घरटं असतं, तिथेच आपण खुर्च्या आणि दिवे लावायचे ठरवलं आहे.

या कासवाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण संख्येची मर्यादा पाळून पर्यटन होऊ शकतं हे मला वेळासनं शिकवलं. वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं नाना फडणविसांचं गाव. पूर्वी इथली घरटी कोल्हे-कुत्रे उकरायचे आणि माणसंही अंडी काढून न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, आणि काही वर्षांत त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. थंडीच्या दिवसांत मादी रात्री वर येते, दीड-दोन फूट खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि परत जाते. मागे वळून पाहत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वाळूतून वर येतात. समुद्रावरचा उजेड ही त्यांची दिशा. त्यामुळे मागच्या बाजूला कुणी मोबाईलचा दिवा लावला तरी ती उलटी फिरतात.

मी गेलो होतो तेव्हा दोरीच्या अलीकडे सत्तर-ऐंशी माणसं बसली होती. घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्रानं घरट्यावर झाकलेली टोपली उचलली. खाली काही नव्हतं. "संध्याकाळी बघू," असं म्हणून त्यानं टोपली परत ठेवली. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "संध्याकाळची गॅरंटी आहे का?" तो पोरगा शांतपणे म्हणाला, "नाही साहेब. त्यांचं त्या ठरवतात." मला त्या उत्तरात वेळासचं सगळं यश दिसतं. गाव पिल्लं दाखवायला बांधील नाही. पिल्लाला हातात घेऊ देत नाही, एखादं मूल रडलं तरी नाही. कारण वाळूवरून स्वतः सरपटत जाणं हा पिल्लाच्या जगण्याचाच भाग आहे. राहायची सोय गावातल्या घरांत, जेवण घरातलं, आणि घरं भरली की भरली. तिथे पाहुण्याला नाही म्हणण्याची हिंमत गावानं कमावली आहे.

याच कासवांबद्दलची आणखी एक नोंद मला विसरता येत नाही. २०२१ साली ओडिशात जिच्या वल्ह्यासारख्या पायावर ओळखीचा टॅग लावला होता, अशी एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. बंगालचा उपसागर सोडून, अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती इथवर आली. एवढ्या लांबून येऊन तिला वाळूत काय दिसावं? आपल्या किनाऱ्यांवर शनिवारी रात्री मोटारी उतरतात. ओल्या वाळूत गोल चकरा मारून चित्रफिती काढल्या जातात, चाकं रुतली की जेसीबी बोलावला जातो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ती बातमी गंमत म्हणून छापून येते. त्या चाकांखाली वाळूतली बिळं, शिंपल्या आणि एखादं घरटं गेलेलं असतं, त्याची बातमी होत नाही.

आता मालवणकडे वळतो. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालचं पाणी धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. आत प्रवाळ आहेत. भारतीय वन्यजीव कायद्यानं त्यांना वाघाच्याच परिशिष्टात ठेवलं आहे. पण अभयारण्याची आखणी झाली तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांना आपली रोजी जाईल अशी भीती वाटली, त्यांचा विरोध राहिला, आणि अभयारण्य बरंचसं कागदावर उरलं. मच्छीमारांचा विरोध मला समजतो. ज्यांनी त्या पाण्याला आजवर राखलं त्यांना न विचारता वरून आलेली मर्यादा कुणाला आपली वाटेल? वेळासची दोरी आणि मालवणची अधिसूचना यांच्यातला फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

पुढे त्याच पाण्यात स्कूबा आणि स्नॉर्केलिंग आलं. काही वर्षांपूर्वी मीही उतरलो. मार्गदर्शक मुलगा चांगला होता, रापणकराचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराचा नातू. पाण्याखाली त्यानं माझ्या हातात पावाचा तुकडा दिला, भोवती माशांचा गराडा पडला, फोटो सुंदर आले. वर येताना मी तोल सावरायला पाय टेकले, ते प्रवाळावर. गोलसर, दगडासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. माझ्या टाचेएवढा भाग परत यायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब नंतर घरी बसून केला आणि शरम वाटली. पाव खाणारा मासा प्रवाळावरचं शेवाळ खात नाही. शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतो. होडीचा नांगर पडतो तो वेगळाच. यावर उपाय माहीत नाही असं नाही. होड्या बांधायला कायमचे बोये, म्हणजे तरंगते खुंट टाकायचे, एका वेळी पाण्यात किती जण हे ठरवायचं, पाव बंद, आणि एकेक जागा आळीपाळीनं काही महिने मोकळी सोडायची. अडतं ते एकाच ठिकाणी: एका होडीवाल्यानं दहाच माणसं घेतली तर उरलेल्यांना शेजारची होडी घेऊन जाते. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाची होडी उलटून दोन पर्यटक गेले. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. मर्यादा नसली की प्रवाळासोबत माणसंही जातात.

खाण्याचा विषय निघाला की पर्यटक आणि यजमान दोघंही हळवे होतात, म्हणून बोलायला संकोच वाटतो, पण बोलतो. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ असतो, दर्याही खवळलेला असतो. अशा वेळी पावसाळी सहलीला येऊन ताटात सुरमईची जाड तुकडी मागणारा माणूस बर्फातला, कुठून तरी आणलेला मासा खातो आणि त्याला मालवणी जेवण म्हणतो. त्या दिवसांत मालवणी घरात सुक्या बांगड्याची किसमूर असते, कुळथाची पिठी असते, टाकळ्याची भाजी, फणसाच्या घोट्या. हे जेवण पाहुण्याला वाढायला काकींना लाज वाटते, कारण पाहुण्याच्या चेहऱ्यावरची निराशा त्यांनी पाहिलेली आहे. ती निराशा आपण घरी ठेवून जायला हवं. आणि थंडीत गेलो तरी सुरमई-पापलेटाच्या पलीकडे बांगडा, तारली, पेडवे आहेत. रापणीच्या जाळ्यात येतं ते प्रामुख्यानं हेच, आणि त्याचे पैसे ओढायला आलेल्या सगळ्यांत वाटले जातात.

सड्यांबद्दल लोक फार कमी बोलतात. समुद्रालगतची जांभ्याची ही विस्तीर्ण पठारं उन्हाळ्यात तव्यासारखी तापतात, आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद पडीक म्हणून असते. पावसाळ्यात याच कातळावर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुलतात; पाणी झिरपून उताराखालच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळतं. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कातळशिल्पं कोरली. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसाईमळ ही नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. बातमी आली तशा गाड्याही आल्या. खोदकामाची खोली काही ठिकाणी बोटभरच आहे. त्याच्यावरून बूट घालून चालायचं नाही, रांगोळी किंवा खडू भरून फोटो काढायचा नाही, हे सांगायला तिथे गावातला माणूस हवा आणि त्याला त्याचा रोज मिळायला हवा. आपण एकेका ठिकाणाचं नकाशातलं टिपण समाजमाध्यमावर टाकतो तेव्हा त्या गावाला विचारतो का? मी आता टाकत नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. मालवणच्या एका ओळखीच्या तरुणानं तो माझ्या तोंडावर मांडला: "दादा, तुम्ही मुंबईत पगार घेतात. आमका आता खय चार पैसे दिसाक लागले, आणि तुम्ही मर्यादा सांगतात." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. कोकण पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरवर जगलं. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली, सिंधुदुर्ग ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर आला. बंद घरं, म्हातारी माणसं, ओसाड अंगणं हे आपल्या सगळ्यांच्या गावचं चित्र. ज्या धंद्यानं पोरगा गावात राहिला, त्या धंद्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

म्हणूनच मी त्याच्याशी पैशाच्याच भाषेत बोललो. चार कुटुंबं एकेक रात्र राहून गेली तर चादरी-टॉवेल चार वेळा धुवायचे, चार गाड्या लावायला अंगण मोकळं करायचं, चार वेळा तीच धावपळ. एकच कुटुंब चार रात्री राहिलं तर खोलीचं भाडं तेवढंच मिळतं आणि पाणी, विसळणं, दमणूक सगळं कमी. शिवाय चार दिवस राहणारा माणूस वाडीतून कोकम, काजू, कुळीथ विकत घेतो, बाजारात जातो, रिक्षा करतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटानं वल्ह्यांच्या होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. तिथे माणसं थोडी, आवाज नाही, आणि पैसा वल्हवणाऱ्या बायकांच्या हातात. गर्दी वाढली म्हणजे गावाची मिळकत वाढली, हे गणित बहुतेक वेळा बाहेरून येऊन जमीन घेणाऱ्याच्या फायद्याचं असतं. सातबारा एकदा बाहेर गेला की गावकरी त्याच जमिनीवर वॉचमन होतो. तो तरुण यावर गप्प राहिला. त्याला पटलं असा माझा दावा नाही. पण त्याच्या काकांनी सड्यावरची जमीन विकली आहे, हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

आपल्याच राज्यात मर्यादेचं उदाहरण आहे. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३००० माणसांची मर्यादा घातली गेली, शुल्क घेणं आणि राखण करणं स्थानिक गावांच्या समितीकडे दिलं गेलं. सगळं सुरळीत आहे असं नाही. पण मर्यादा घातली म्हणून कास ओस पडलं नाही. थायलंडनं तर २०१८ साली माया बे हा जगप्रसिद्ध किनारा पूर्ण बंद केला. प्रवाळ होड्यांनी मोडले होते. साडेतीन वर्षांनी, २०२२ च्या जानेवारीत, थोड्या माणसांसाठी तो पुन्हा उघडला. तेवढ्या काळात उथळ पाण्यात शार्क परतले होते.

पण मला या सगळ्यांपेक्षा जवळचं वाटतं ते आचरे. मालवण तालुक्यातल्या या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेतात, आणि कौल झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री माळावर, नदीकाठी झोपड्या करून राहतात. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. यामागच्या श्रद्धा वेगळ्या आहेत आणि त्यांना पर्यावरणाचं लेबल लावून मी त्या बदलू इच्छित नाही. माझा मुद्दा एवढाच, की जागेला आपल्यापासून काही काळ मोकळं ठेवायचं असतं, हे इथल्या माणसाला परक्यानं शिकवायची गरज नाही. मासेमारीची ६१ दिवसांची बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याखेरीज होडी पाण्यात घालायची नाही, ही रीत तर बंदीच्या कायद्याहून कितीतरी जुनी. शेकडो वर्षं ज्यांनी स्वतःला मर्यादा घालून घेतल्या, त्यांच्या गावात पाहुणा मात्र अमर्याद, हे विचित्र आहे.

अधिकाराची चौकटही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, गावातल्या जीवसृष्टीची नोंदवही हवी. बऱ्याच ठिकाणी समिती आहे, नोंदवही कपाटात आहे. ती बाहेर काढावी. गावात किती खोल्या, किती होड्या, कुठल्या वाळूवर नोव्हेंबर ते मार्च रात्री दिवा लावायचा नाही, कुठला सडा पावसाळ्यात पायी आणि वाटाड्यासोबतच पाहायचा, हे ग्रामसभेनं ठरवावं. आणि पर्यटन खात्यानं जाहिरात करण्याआधी तो ठराव मागवावा. जिल्ह्याला विमानतळ आला, रेवस ते रेडी सागरी महामार्गावर खाड्यांचे पूल व्हायचे आहेत. ते झाले की मुंबईची गाडी किनाऱ्याकिनाऱ्यानं थेट रेडीपर्यंत येईल. मर्यादा ठरवायची वेळ पूल होण्याआधीची आहे. नंतर ठरवायला गेलो तर गुंतलेल्या पैशाचा आवाज ग्रामसभेपेक्षा मोठा असेल.

जाणाऱ्यांनी काय करायचं, तर मे सोडून जायचं. डिसेंबरचा शेवटचा आठवडाही सोडायचा. भाद्रपदात गणपती गेल्यावर किंवा माघात जायचं, कोकण रेल्वेनं कुडाळला उतरून एसटीनं पुढे जायचं, एकाच गावात राहायचं. तीन दिवसांत अलिबाग ते वेंगुर्ला करून येणाऱ्याला समुद्र दिसतो तो गाडीच्या काचेतून. मुलांच्या सुट्या मेमध्येच असतात, ही अडचण खरी आहे. पण दिवाळीचीही सुटी असते, आणि तेव्हा बावी भरलेल्या असतात.

काकींचा परवा फोन आला होता. येत्या मेमध्ये चारपैकी दोनच खोल्या उघडायच्या, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, आपण बंद ठेवल्या तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, टँकर तेवढेच येतील. ते काकींनाही पटलं. म्हणून त्या वाडीतल्या सात घरांत जाऊन आल्या. पाच जणी तयार झाल्या, दोघी अजून विचार करताहेत. ग्रामसभेसाठी त्यांनी मुलाकडून अर्ज लिहून घेतला आहे. तो त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला. अर्ज दोन ओळींचा आहे: मे महिन्यात वाडीत किती खाटा असाव्यात हे बावींचं पाणी मोजून ठरवावं, आणि ते पाणी मोजायला वाडीतल्या बायकांना बोलवावं.